मेळाव्याकडून मैत्रीकडे

दिव्यांग व्यक्तींच्या कल्याणाचा विचार करताना काही ठरावीक गरजा प्रामुख्याने समोर येतात. प्रमाणपत्र, अर्थसाहाय्य, साहाय्यक साधने, शिक्षण, प्रवासातील सवलत आणि रोजगार या त्या गरजा होत. त्यांपैकी प्रत्येकीसाठी अर्जाचा नमुना आहे, नोंदवही आहे आणि जबाबदार अधिकारीही आहे. परंतु माणसाच्या दैनंदिन जीवनाला जिच्यामुळे गोडी येते, अशी एक गोष्ट कोणत्याही नमुन्यात मागता येत नाही. ती म्हणजे मैत्री. तीनचाकी सायकल मंजूर करता येते. त्या सायकलवरून ज्याच्या घरी जावे असा सोबती मंजूर करता येत नाही. मात्र असा सोबती भेटावा यासाठी संधी निर्माण करता येते. ही संधी निर्माण करण्याचे काम कुटुंबाइतकेच पंचायतीचे, शाळेचे आणि गावातील मंडळांचेही आहे. ते कसे करावे आणि प्रचलित कार्यक्रमांत कोठे उणीव राहते, याचा येथे विचार केला आहे.

गावातील पन्नास माणसे

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ८६ लाख, म्हणजे शेकडा ६९, ग्रामीण भागात राहत होत्या. महाराष्ट्रातील संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. राज्याच्या त्या वेळच्या सुमारे ११ कोटी २४ लाख लोकसंख्येशी हे प्रमाण शेकडा २.६ इतके पडते. याच प्रमाणाने पाहिल्यास दोन हजार वस्तीच्या गावात पन्नासच्या आसपास दिव्यांग व्यक्ती असावयास हव्यात. त्या जनगणनेत दिव्यांगत्वाची नोंद आठ गटांत घेण्यात आली होती. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले आहेत. म्हणजे प्रत्यक्षातील संख्या याहून अधिक असण्याचाच संभव आहे.

या पन्नासांपैकी किती जण ग्रामसभेत दिसतात? वाचनालयात, देवळाच्या पारावर, भजनाला, हळदीकुंकवाला किंवा कबड्डीच्या मैदानाच्या कडेला किती जण असतात? प्रत्येक पंचायत सदस्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा. ज्यांची नावे लाभार्थ्यांच्या यादीत आहेत, परंतु ज्यांचा चेहरा चारचौघांत कधी दिसत नाही, अशी माणसे पुष्कळ गावांत आढळतील.

एकटेपणाची कारणे

हे एकटेपण नेहमीच दुष्टाव्यातून येते असे नाही. पुष्कळदा ते चांगल्या हेतूने केलेल्या व्यवस्थेतूनच निर्माण होते. श्रवणदोष असलेल्या मुलाला लहानपणीच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी निवासी विशेष शाळेत पाठविण्यात येते. तेथे त्याला भाषा मिळते, खेळ मिळतात, जिवाभावाचे सोबती मिळतात. शिक्षण संपवून तो गावी परततो तेव्हा त्याच्या वयाच्या मुलांची आपापसांतील मैत्री कधीच जुळलेली असते. शेतावरच्या कामापुरत्या चार खुणा सोडल्या, तर त्याच्याशी बोलणारे घरातही कोणी नसते. शाळेत ज्याला दहा मित्र होते, तो स्वतःच्या गावात पाहुण्यासारखा राहतो.

दुसरा प्रकार प्रौढपणी दिव्यांगत्व आलेल्या व्यक्तींचा होय. मळणीयंत्रात हात गमावलेल्या किंवा अपघातात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाकडे आरंभीचे काही आठवडे विचारपूस करणाऱ्यांची रीघ लागते. नंतर ती ओसरते. येणाऱ्याला काय बोलावे हे सुचत नाही आणि घरी असलेल्याला आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही, असे वाटू लागते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीची अडचण आणखी वेगळी असते. ती तीस वर्षांची झाली तरी तिला लहान मूल समजण्यात येते. त्यामुळे मुले तिची चेष्टा करतात आणि मोठी माणसे तिच्याशी बरोबरीने बोलत नाहीत. दिव्यांग मुलींच्या बाबतीत कुटुंबाची काळजी आणि लोकापवादाची भीती यांची भर पडते व घराचा उंबरठा अधिकच उंच होतो.

या एकटेपणाची किंमत केवळ मनाला मोजावी लागते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकीला एकटेपणाची झळ पोहोचते आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकटेपणाचा संबंध जोडता येतो. दिव्यांग व्यक्तींना ही झळ अधिक लागण्याचा संभव असतो, याकडेही त्या अहवालाने लक्ष वेधले आहे. ज्याला मित्र नाही त्याला नोकरीची बातमी उशिरा कळते, योजनेची माहिती मिळत नाही आणि अन्याय झाला तर तो सांगण्यास जागा राहत नाही. मैत्री ही माणसाची पहिली सुरक्षितता आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

तीन डिसेंबरचा कार्यक्रम

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले आणि १९९२ पासून ३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन म्हणून पाळण्यात येऊ लागला. त्या दिवशी ठिकठिकाणी मेळावे भरतात. त्यांचे स्वरूप बहुधा सारखेच असते. मंडपाच्या एका बाजूला दिव्यांग व्यक्तींना एकत्र बसविण्यात येते, व्यासपीठावरून भाषणे होतात, साहित्याचे वाटप होते, छायाचित्रे घेतली जातात आणि दुपारच्या भोजनानंतर मंडप रिकामा होतो. अशा मेळाव्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळे विषयाकडे लक्ष वेधले जाते, साधने गरजूंपर्यंत पोहोचतात आणि अधिकाऱ्यांची प्रत्यक्ष भेट घडते. परंतु व्यासपीठावर देणारे आणि समोर घेणारे अशी जेथे विभागणी झाली, तेथे सन्मान होऊ शकतो. सख्य जुळत नाही.

मैत्रीला वेळ लागतो, हे व्यवहारात सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वेळेचे मोजमाप करण्याचा प्रयत्न केला. केवळ ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यास सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, खऱ्या मैत्रीस सुमारे ९० तास आणि घनिष्ठ मैत्रीस २०० तासांहून अधिक सहवास लागतो, असे त्यांना आढळले. हे आकडे तेथील समाजातील आहेत व ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही. तथापि त्यांतून मिळणारी दिशा स्पष्ट आहे. वर्षातून एकदा चार तासांचा मेळावा भरविला तर पन्नास तास भरण्यास बारा वर्षांहून अधिक काळ लागेल. आठवड्यातून दोन तास चालणारा लहानसा उपक्रम मात्र पंचवीस आठवड्यांत, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, तेवढाच सहवास घडवितो.

सहवास कोणत्या प्रकारचा असावा

केवळ एकत्र बसविल्याने मने जुळतातच असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भिन्न समाजगटांतील पूर्वग्रहांचा विचार करताना चार अटी सांगितल्या. एकत्र येणाऱ्यांचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी समान असावा. त्यांच्यासमोर एकच उद्दिष्ट असावे. ते गाठण्यासाठी परस्परांच्या मदतीची गरज पडावी. आणि या सहवासाला अधिकारी व्यक्तींचा, कायद्याचा किंवा रूढीचा पाठिंबा असावा. पुढे १९९८ मध्ये थॉमस पेटिग्रू यांनी यांत आणखी एका अटीची भर घातली. एकत्र आलेल्यांना मैत्री जुळण्याइतका अवकाश मिळाला पाहिजे, ही ती अट होय. त्यांनी आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सहवासामुळे पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो आणि या अटी पाळल्या गेल्यास तो अधिक कमी होतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

गावच्या भाषेत याचा अर्थ सोपा आहे. भजनी मंडळात पेटी वाजविणारा अंध असला आणि टाळकरी डोळस असले, तर अभंग चालू असताना कोणी कोणावर उपकार करीत नाही. पेटीवाचून टाळकऱ्यांचे अडते आणि टाळावाचून पेटी सुनी वाटते. समान दर्जा, समान उद्दिष्ट आणि परस्परांची गरज या तिन्ही अटी येथे आपोआप पूर्ण होतात. उलट, त्याच कलावंताला वर्षातून एकदा शाल देऊन खाली बसविले, तर एकही अट पूर्ण होत नाही.

अनुभवाचे काही दाखले

या विचाराला अनुसरून चाललेले काही उपक्रम लक्षात घेण्यासारखे आहेत. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंसाठी स्पेशल ऑलिंपिक्सची पहिली क्रीडास्पर्धा २० जुलै १९६८ रोजी शिकागो येथे भरली. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच चळवळीत संयुक्त संघांची कल्पना पुढे आली. एकाच संघात बौद्धिक दिव्यांगत्व असलेले आणि नसलेले खेळाडू एकत्र सराव करतात आणि एकत्र खेळतात. सराव नियमित असल्याने त्यांच्या भेटी वारंवार होतात आणि हार-जीतही वाटून घेतली जाते.

बुद्धिबळाचे उदाहरण ग्रामीण वाचनालयांना अधिक जवळचे वाटेल. अंध खेळाडूच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला छिद्र असते आणि मोहऱ्याच्या तळाशी असलेली खुंटी त्या छिद्रात बसते. काळ्या मोहऱ्यांवर स्पर्शाने कळेल अशी खूण असते. अंध खेळाडू आपल्या पटावर आणि डोळस खेळाडू नेहमीच्या पटावर खेळतो. प्रत्येक चाल मोठ्याने सांगितली जाते व दुसरा खेळाडू ती आपल्या पटावर मांडतो. खेळाचे मूळ नियम तेच राहतात. कोणालाही सवलतीचे गुण द्यावे लागत नाहीत. एका पटाच्या खर्चात दोन माणसे आठवड्यातून दोन तास समोरासमोर बसतात, आणि डाव संपल्यावर चहाबरोबर गप्पाही होतात.

गोलबॉल हा खेळही याच दृष्टीने उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४६ मध्ये तो सुरू झाला. चेंडूत घुंगरासारखा आवाज करणारी रचना असते आणि प्रत्येक बाजूचे तिन्ही खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधतात. सर्वांना आवाजावरच खेळावे लागत असल्याने शाळेच्या अंगणात अंध व डोळस मुले सरावासाठी तो एकत्र खेळू शकतात. तेथे डोळस मुलाला आपल्या अंध सोबत्याकडून कान देऊन ऐकण्याची कला शिकावी लागते.

महाराष्ट्रात श्रमातून सहवास घडविण्याची परंपरा आहे. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ उभारलेल्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेल्या व्यक्ती, अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्या व्यक्ती शेतीत व कारखान्यांत एकत्र काम करीत आल्या आहेत. सोमनाथ येथे युवकांसाठी भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीने बाहेरच्या तरुणांना या कामात सहभागी होण्याची वाट दाखविली. एकत्र कुदळ चालविणाऱ्यांना परस्परांची ओळख करून देण्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज पडत नाही.

शेजारच्या गोव्यात ६ ते ८ जानेवारी २०२३ या काळात पणजी येथे ‘पर्पल फेस्ट’ हा समावेशक महोत्सव प्रथम भरला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय स्वरूप देण्यात आले. दिव्यांग कलावंतांचे कार्यक्रम, खेळ, चर्चा आणि साधनांचे प्रदर्शन यांसाठी दिव्यांग व इतर नागरिक तेथे एकत्र आले. अशा मोठ्या महोत्सवांमुळे समाजाला एक चित्र दिसते आणि संकोच मोडतो. त्यातून जागलेली इच्छा टिकविण्याचे काम मात्र गावोगावच्या लहान उपक्रमांनाच करावे लागेल.

नवे काही उभारण्यापूर्वी

दिव्यांग व्यक्तींसाठी वेगळे मंडळ स्थापन करावे, असा विचार प्रथम मनात येतो. आपल्यासारख्या इतरांना भेटण्याची, अनुभव सांगण्याची आणि हक्कांसाठी संघटित होण्याची गरज खरी आहे. त्यासाठी वेगळी संघटना जरूर असावी. परंतु गावाशी नाते जोडण्यासाठी गावात आधीच चालू असलेल्या गोष्टींची दारे उघडणे अधिक सोपे आणि अधिक टिकाऊ ठरते. सार्वजनिक वाचनालय, भजनी मंडळ, महिलांचे बचत गट, तरुण मंडळ, व्यायामशाळा, गणेशोत्सव, जत्रा, शाळेचे स्नेहसंमेलन या सर्व ठिकाणी माणसे नियमाने भेटतात. तेथे दिव्यांग व्यक्तीला प्रेक्षक म्हणून बोलावण्याऐवजी काम सोपवावे, हे सूत्र ठेवावे.

गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब चालताना अडचण येणाऱ्या परंतु लिहिण्यात तरबेज असलेल्या तरुणाकडे द्यावा. आरास करण्याच्या कामात कर्णबधिर तरुणाचे हात इतरांच्या बरोबरीने चालतात. त्याच्यामुळे मंडळातील चार जणांना सांकेतिक भाषेतील चाळीस-पन्नास शब्द शिकावे लागले, तर तो सर्वांचाच लाभ आहे. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तयार केलेल्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १० हजार संज्ञांचा समावेश झालेला आहे, आणि त्याच्या चित्रफिती भ्रमणध्वनीवरही पाहता येतात. जत्रेत पाणी वाटण्याच्या किंवा चपला सांभाळण्याच्या कामात बौद्धिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती एका सोबत्याबरोबर उत्तम काम करू शकते. बचत गटाच्या साप्ताहिक बैठकीत चाकाच्या खुर्चीवरून येणारी भगिनी सचिव झाली, तर तिच्या घरी कागदपत्रे घेऊन जाणे-येणे सुरू होते आणि त्यातूनच पुढे सुखदुःखाच्या गोष्टी निघतात.

वाचनालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ अभिवाचनासाठी ठेवावी. एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे, या रीतीत अंध आणि डोळस यांत भेद उरत नाही. निरक्षर वृद्धांचीही त्यात सोय होते. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये सुरू झाले. ब्रेल जाणणाऱ्या सभासदाने ब्रेलमधील एखादा मजकूर बोटांनी वाचून इतरांना ऐकविला, तर त्या संध्याकाळी वाचणारा तो आणि ऐकणारे डोळस, असा क्रम आपोआप उलटतो.

पूर्वतयारी

निमंत्रण दिले, तरी दिव्यांग व्यक्ती आल्या नाहीत, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. अशा वेळी त्यांना इच्छा नव्हती असे मानण्यापूर्वी काही गोष्टी तपासून पाहाव्यात.

पहिली गोष्ट जागेची. कार्यक्रम वरच्या मजल्यावर किंवा पायऱ्यांच्या देवळात ठेवला, तर निमंत्रणाला अर्थ उरत नाही. उताराच्या मार्गासाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण सुरक्षित मानले जाते. त्याहून उभा उतार धोक्याचा असतो. दरवाजा चाकाची खुर्ची सहज जाईल एवढा, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर रुंद असावा. दुसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. याविषयी कोणी उघडपणे बोलत नाही, परंतु अनेक व्यक्ती, विशेषतः स्त्रिया, केवळ या कारणासाठी घराबाहेर पडण्याचे टाळतात. तिसरी गोष्ट येण्याजाण्याची. कार्यक्रम शेवटच्या एस.टी.च्या वेळेनंतर संपत असेल, तर वाडीवस्तीवरील व्यक्ती येऊ शकणार नाही. दोन-तीन घरांसाठी मिळून एका रिक्षाची व्यवस्था केली, तरी हा अडथळा दूर होतो.

चौथी गोष्ट आवाज आणि प्रकाशाची. कर्णबधिर व्यक्तीला समोरच्याचा चेहरा व हात दिसावे लागतात, म्हणून बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा. स्वमग्न व्यक्तीला ध्वनिक्षेपकाचा कर्कश आवाज असह्य होऊ शकतो; तिला थोडा वेळ जाऊन बसता येईल अशी शांत जागा असावी. अंध व्यक्तीला आल्यावर खोलीची रचना आणि उपस्थितांची नावे सांगावीत. बोलताना प्रत्येकाने आधी आपले नाव घ्यावे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला कार्यक्रमाचा क्रम सोप्या शब्दांत किंवा चित्रांतून आधी समजावून द्यावा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वागणुकीची. प्रश्न सोबत आलेल्या नातेवाइकाला न विचारता थेट त्या व्यक्तीला विचारावा. मदत करण्यापूर्वी ती हवी आहे काय, हे विचारावे. अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा व तिला तो धरू द्यावा. चाकाची खुर्ची परवानगीवाचून ढकलू नये. व्यंगावरून हाक मारण्याची वाईट सवय काही गावांत अजूनही आहे. जो माणूस इतरांना काका, ताई किंवा भाऊ म्हणतो, त्याने दिव्यांग व्यक्तीलाही तिच्या नावाने आणि वयाला साजेशा मानाने संबोधावे. ज्याला व्यंगाच्या नावाने हाक मारली जाते, तो मैत्रीसाठी त्या दिशेला वळत नाही.

कुटुंबाची चिंता

पालकांच्या मनातील धास्ती समजून घेतल्याशिवाय हे काम पुढे जाणार नाही. मुलगा पडेल, कोणी टिंगल करील, मुलीला कोणी फसवील, या शंका निराधार नसतात. त्या अतिरेकी आहेत असे सांगून उपयोग नाही. त्यांचे निरसन व्यवस्थेतून झाले पाहिजे. कार्यक्रम उघड्या, सर्वांच्या नजरेतील जागेत व्हावा. आरंभीचे काही आठवडे पालकांनाही बोलवावे व हळूहळू त्यांची उपस्थिती कमी करावी. मुलींसाठी गावातील विश्वासाच्या दोन स्त्रियांवर सोबतीची जबाबदारी सोपवावी. आणण्या-पोहोचविण्याचे काम एकाच माणसाकडे न देता दोघांकडे द्यावे. तक्रार कोणाकडे करावयाची, हे सर्वांना आधीच सांगितलेले असावे. ते दिव्यांग व्यक्तीला स्वतःला समजेल अशा रीतीने सांगावे.

याबरोबरच एका मर्यादेचेही भान ठेवले पाहिजे. मैत्री हे कर्तव्य म्हणून लादता येत नाही. एखाद्या विद्यार्थ्याला दिव्यांग सहाध्यायीचा ‘मदतनीस’ नेमले म्हणजे मित्र नेमला असे होत नाही. दिव्यांग व्यक्तीलाही एखादा सोबती न आवडण्याचा, एखाद्या संध्याकाळी घरी राहण्याचा आणि वादात आपले मत ठामपणे मांडण्याचा अधिकार आहे. नकार देण्याची मोकळीक जेथे असते, तेथेच होकाराला किंमत येते.

कायद्याचे अधिष्ठान

या कामाला सदिच्छेबरोबरच कायद्याचाही आधार आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. त्या कराराच्या ३० व्या अनुच्छेदात सांस्कृतिक जीवन, मनोरंजन, विरंगुळा आणि क्रीडा यांत सहभागी होण्याचा हक्क नमूद केला आहे. त्यास अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अंमलात आला.

या अधिनियमाच्या कलम ५ अन्वये दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. कलम २९ ने शासन आणि स्थानिक प्राधिकरणे यांच्यावर सांस्कृतिक व मनोरंजनपर कार्यक्रमांत दिव्यांग व्यक्तींचा इतरांच्या बरोबरीने सहभाग होईल अशा उपाययोजना करण्याची जबाबदारी टाकली आहे. मनोरंजन केंद्रे, बालवीर चळवळ, नृत्य व कला वर्ग आणि शिबिरे यांचा उल्लेख त्यात आहे. कलम ३० क्रीडाविषयक आहे. कलम ३९ मधील जनजागृतीच्या तरतुदीत कौटुंबिक जीवन व नातेसंबंध यांविषयी दिव्यांग व्यक्तींनी घेतलेल्या निर्णयांचा आदर रुजविण्याचे उद्दिष्ट सांगितले आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा कलम ९२ नुसार किमान सहा महिने व कमाल पाच वर्षांच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. या निधीतून वैयक्तिक साहाय्य देताना सामूहिक सोयींचाही विचार नियमांच्या चौकटीत करता येईल. समाजमंदिराला उतारमार्ग आणि तेथे सर्वांना वापरता येईल असे स्वच्छतागृह केल्यास त्याचा लाभ वृद्धांना आणि गरोदर स्त्रियांनाही होतो. निधी कसा खर्च करावा हे ठरविताना गावातील दिव्यांग व्यक्तींनाच प्रथम विचारले, तर ती बैठकच त्यांच्या सहभागाची पहिली पायरी ठरेल.

शिक्षकांचे स्थान

मैत्रीचे बीज शाळेत लवकर रुजते. वर्गात एकत्र बसणारी मुले मधल्या सुट्टीत एकत्र खेळतात काय, डबा कोणाबरोबर खातात, वाढदिवसाला कोणाच्या घरी जातात, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. दिव्यांग विद्यार्थ्याला स्नेहसंमेलनात केवळ स्वागतासाठी पुष्पगुच्छ देण्याचे काम न देता नाटुकल्यात भूमिका द्यावी, सहलीला न्यावे आणि खेळाच्या तासाला गुणलेखक म्हणून कायमचे कडेला बसवू नये. खेळाचा एखादा नियम बदलून सर्वांना खेळता येत असेल, तर तो बदल कसा करावा हे मुलांनाच सुचवू द्यावे. मुले यावर मोठ्यांपेक्षा लवकर तोडगा काढतात. निवासी विशेष शाळांनीही सुट्टीत घरी येणाऱ्या मुलांचा गावच्या शाळेशी व मंडळांशी संपर्क राहील अशी योजना केली, तर शिक्षण संपल्यानंतर परतणारा तरुण गावाला परका राहणार नाही.

यशाची कसोटी

कार्यक्रमाचा अहवाल लिहिताना उपस्थितांची संख्या, वाटलेल्या साधनांची संख्या आणि पाहुण्यांची नावे नोंदविण्यात येतात. मैत्रीच्या दृष्टीने याहून वेगळे प्रश्न विचारावे लागतील. कार्यक्रम संपल्यावर दिव्यांग व्यक्ती कोणाशी बोलत थांबली होती काय? पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली काय? न आल्यास चौकशी करण्यासाठी कोणी घरी गेले काय? सहा महिन्यांनंतर तिच्या घरी कामावाचून, केवळ गप्पांसाठी येणारे कोणी आहे काय? आणि तीही कोणाच्या अडचणीला धावून गेली काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर उपक्रम सफल झाला असे खुशाल समजावे, कारण देणे आणि घेणे दोन्ही बाजूंनी सुरू झाले की उपकाराची जागा स्नेह घेतो.

यासाठी मोठ्या निधीची किंवा नव्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. एक खोली, आठवड्यातील एक ठरलेली वेळ, सर्वांना मिळून करता येईल असे एखादे काम आणि न आलेल्याची आठवण ठेवणारी दोन माणसे एवढ्या सामग्रीवर कोणत्याही गावात आरंभ करता येईल. पंचायतीने आपल्या पुढील मासिक सभेत असा एक वार आणि अशी एक जागा निश्चित करावी. गावातील पन्नास बंद दारांपैकी पाच दारे जरी पहिल्या वर्षी उघडली, तरी उरलेल्यांना हाक देण्यासाठी त्याच घरांतील माणसे पुढे येतील.